डब्याला सोसेना म्हणून

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा दक्षिण कॅलिफोर्नियात राहतो. लॉस एंजेलिसला चिकटून पॅसाडिना नावाचं गाव आहे, त्याच्या जवळपास. दोन वर्षांपूर्वी मी महिनाभर त्याच्याकडे राहून आलो. एके दिवशी तो बाहेरून आला तो तोंड पाडूनच. काय झालं विचारलं, तर म्हणाला, "मामू, ट्रक नापास झाला."

ट्रक म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर आपला दहा चाकांचा, मागे 'हॉर्न ओके प्लीज' लिहिलेला ट्रक उभा राहिला. पण अमेरिकेत पिकअपलाही ट्रकच म्हणतात. पुढे माणसं बसायची जागा, मागे उघडा हौदा. भाच्याचा असा ट्रक वीस वर्षांचा जुना आहे आणि त्याचा त्याच्यावर फार जीव. कॅलिफोर्नियात जुन्या गाडीला दर दोन वर्षांनी धुराची परीक्षा द्यावी लागते. तिला तिथं 'स्मॉग चेक' म्हणतात. त्यात पास झाल्याशिवाय गाडीची नोंदणी पुढे चालू राहत नाही. परीक्षा घेणाऱ्याने बॉनेट उघडून पाहिलं, गाडीखाली वाकून पाहिलं, मग स्टिअरिंगखालच्या खाचेत एक वायर खोचली आणि गाडीच्या संगणकालाच विचारलं की बाबा, तुझं कसं काय चाललंय? संगणक खोटं बोलला नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी झालाय, असं त्याने सांगून टाकलं.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणजे इंजिन आणि सायलेन्सर यांच्या मधे, गाडीच्या पोटाखाली बसवलेला पत्र्याचा डबा. तो बदलायला मजुरीसकट दीड हजार डॉलरच्या वर खर्च येणार होता. भाचा वैतागून म्हणाला, "गाडी तर झकास चालतेय मामू. पिकअप कमी नाही, आवाज नाही, पेट्रोलही जास्त खात नाही. मग हे पैसे कशासाठी?"

प्रश्न रास्त होता. घड्याळ दुरुस्त केलं तर वेळ कळते, छप्पर शाकारलं तर आपण भिजत नाही. हा डबा बदलून गाडीच्या मालकाला काहीच मिळत नाही. जे मिळतं ते रस्त्याच्या कडेने चालणाऱ्याला, मागच्या गाडीत बसलेल्या पोराला, म्हणजे परक्यालाच. मी कविता लिहिणारा, बी. ए. झालेला माणूस, रसायनशास्त्राशी माझा संबंध शाळेतच संपला. पण महिनाभर मोकळाच होतो आणि गावातली लायब्ररी चालत जाण्याच्या अंतरावर होती. तिथं बसून मी या डब्याची कुंडली वाचून काढली. ती आज तुम्हांला सांगतो.

२६ जुलै १९४३. दुसरं महायुद्ध ऐन भरात होतं. त्या दिवशी लॉस एंजेलिसच्या मध्यवस्तीवर भर दिवसा तपकिरी पडदा उतरला. दोन-तीन चौकांपलीकडचं दिसेना, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, घसे जळायला लागले. पर्ल हार्बरला अजून दोन वर्षंही झाली नव्हती. जपान्यांनी विषारी वायू सोडला, असंच अनेकांना वाटलं. जपानी नाहीत हे कळल्यावर दुसरा आरोपी शोधणं सुरू झालं. शहरातल्या अलिसो रस्त्यावर कृत्रिम रबरासाठी ब्युटाडाइन तयार करणारा कारखाना होता. लोकांनी त्याकडे बोट दाखवलं, तो काही काळ बंदही ठेवला गेला. पडदा मात्र परत परत उतरतच राहिला. धूर आणि धुकं मिळून आपण ज्याला धुरकं म्हणतो, ते त्या शहराच्या मुक्कामालाच आलं होतं.

१९४७ मध्ये धुरक्याचा बंदोबस्त करायला जिल्ह्याचं खास मंडळ नेमलं गेलं. त्याने तेलशुद्धीकरण कारखाने धरले, भट्ट्या धरल्या. घरोघरी परसात कचरा जाळायच्या छोट्या भट्ट्या असत. त्यांच्यावर १९५७ मध्ये बंदी आली. सगळ्यांवर आरोप झाले. ज्या मोटारीत बसून लोक तक्रार नोंदवायला जात, ती मोटार मात्र बरीच वर्षं आरोपींच्या पिंजऱ्याबाहेर होती.

तिला पिंजऱ्यात उभं केलं ते एका अननसवाल्याने. आरी हागेन-स्मिट हा मूळचा डच जीवरसायनशास्त्रज्ञ पॅसाडिनाच्या कॅलटेक संस्थेत शिकवत होता. अननसाला अननसाचा वास आणि चव कशामुळे येते, हा त्याचा विषय. वासाच्या हवेतून नेमकी द्रव्यं वेगळी करण्यात त्याचा हात बसलेला. कुणीतरी त्याला म्हटलं, अननसाचं करतोस तसंच या हवेचं करून बघ. त्याने पॅसाडिनाची हजारो घनफूट हवा अतिथंड नळ्यांतून ओढून घेतली आणि तळाशी काय उरतं ते पाहिलं. उरले ते उग्र वासाच्या तपकिरी द्रवाचे थोडेसे थेंब. त्यातून त्याने धागा पकडला. पेट्रोलची न जळलेली वाफ आणि नायट्रोजनची ऑक्साइडं धुराड्यातून बाहेर पडतात. कॅलिफोर्नियाचं लखलखीत ऊन त्यांच्यावर पडतं आणि त्यातून ओझोन तयार होतो. डोळे जाळणारा, पालकाच्या पानांवर चट्टे पाडणारा, रबराला भेगा पाडणारा ओझोन. वाकवून ठेवलेल्या रबराच्या पट्टीला किती वेळात किती खोल भेगा पडतात, यावरून त्या काळी हवेतला ओझोन मोजत असत. पाऱ्याऐवजी सायकलच्या ट्यूबवर ताप पाहण्यासारखाच प्रकार, पण तो चालला.

ही गोष्ट १९५० ते ५२ च्या सुमाराची. तेल कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या एका संशोधनगटाने त्याच्या निष्कर्षांवर शंका घेतल्या. त्याला राग आला आणि अननस बाजूला ठेवून तो पुरता धुराच्या मागे लागला. रागातून चांगली कविता होत नाही असा माझा अनुभव आहे. विज्ञान होत असावं. १९५३ मध्ये लॉस एंजेलिस जिल्ह्याचे एक निवडून आलेले सदस्य, केनेथ हान, यांनी डेट्रॉइटच्या मोटार कंपन्यांना पत्रं लिहायला सुरुवात केली. फोर्ड कंपनीकडून उत्तर आलं की गाडीची वाफ हवेत चटकन विरून जाते, तिच्यापासून प्रदूषणाचा प्रश्न उद्भवत नाही. हान यांची ही पत्रं १९६७ पर्यंत चालू होती.

गंमत म्हणजे याच सुमारास, देशाच्या दुसऱ्या टोकाला, उपाय तयार होत होता. यूजीन हूड्री हा फ्रेंच इंजिनिअर. पहिल्या महायुद्धात रणगाड्यांच्या तुकडीत होता, जखमी झाला. पुढे जड तेलातून चांगलं पेट्रोल काढायची त्याची उत्प्रेरकाची पद्धत अमेरिकेत इतकी गाजली की दुसऱ्या महायुद्धात दोस्तांच्या विमानांना मिळालेल्या उंची पेट्रोलमागे तिचा मोठा वाटा होता. उत्प्रेरक म्हणजे लग्न जुळवणारा मध्यस्थ. दोघांना जवळ आणतो, काम करून देतो आणि स्वतः होता तसाच कोरडा राहतो. ज्याने पेट्रोल करून दिलं त्यालाच उतारवयात त्या पेट्रोलच्या धुराची काळजी लागली. १९५० च्या सुमारास त्याने वेगळी कंपनी काढली आणि धुरातली विषं जाळून टाकणारा प्लॅटिनमचा डबा बनवला. १९५६ मध्ये त्याला त्याचं पेटंट मिळालं. गोदामांत माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्टला तो बसवला गेला. मोटारीला बसवता येईना. १९६२ मध्ये हूड्री वारला, तोपर्यंत त्याचा डबा रस्त्यावर आलेला नव्हता.

का नाही आला? कारण पेट्रोलमध्ये शिसं होतं.

इथं थोडं मागे जावं लागतं. जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली या इंजिनिअरला डिसेंबर १९२१ मध्ये असं आढळलं की पेट्रोलमध्ये टेट्राइथाइल लेड नावाचं शिशाचं संयुग थेंबभर घातलं की इंजिनाची ठोकठोक थांबते. १९२३ पासून तसं पेट्रोल विकायला लागले. १९२४ च्या ऑक्टोबरात न्यू जर्सीतल्या एका कारखान्यात हे संयुग बनवणारे पाच कामगार भ्रम होऊन, वेड्यासारखे वागत मेले. कित्येक आजारी पडले. त्याच महिन्याच्या शेवटी मिजलीने पत्रकारांसमोर त्या द्रवाने स्वतःचे हात धुऊन दाखवले. काही धोका नाही म्हणून.

हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून बसलो. माझे अब्बा मिरजेत मोटारमिस्त्री होते. त्यांच्या गॅरेजात अँबॅसिडर, फियाट आणि जीपगाड्या यायच्या. टाकीतून पेट्रोल काढायचं म्हणजे रबरी नळीचं एक टोक टाकीत, दुसरं तोंडात. ओढायचं, तोंडात आलं की थुंकायचं आणि नळी पटकन डब्यात सोडायची. संध्याकाळी ग्रीस काढायला हात पेट्रोलने धुवायचे, मग साबणाने, आणि मग जेवायला बसायचं. मीही लहानपणी त्या टमरेलात हात बुडवले आहेत. हात गार पडतात आणि मग पांढरे दिसतात, त्याची मजा वाटायची. मिजलीने ते एकदा कॅमेऱ्यासाठी केलं. त्याचा द्रव अर्थातच कितीतरी जहाल होता, आमच्या पेट्रोलात त्यातला अंशच असायचा. पण अब्बांनी ते तीस वर्षं, रोज केलं. त्यांच्या रक्तात किती शिसं होतं हे कुणी कधी मोजलं नाही.

शिशाचं विष मोजलं तेही कॅलटेकच्याच एका माणसाने. क्लेअर पॅटरसनला पृथ्वीचं वय काढायचं होतं. त्यासाठी उल्केतलं शिसं मोजायचं, तर बाहेरचं शिसं त्याच्या प्रत्येक नमुन्यात शिरायला लागलं. धुळीतून, कपड्यांवरून, केसांतून. त्याला आपली प्रयोगशाळा आधी कमालीची स्वच्छ करावी लागली. १९५६ मध्ये त्याने पृथ्वीचं वय जाहीर केलं, सुमारे ४५५ कोटी वर्षं. मग त्याने विचारलं, हे इतकं शिसं आलं कुठून? १९६५ मध्ये त्याने लिहिलं की आजच्या माणसाच्या अंगातलं शिसं नैसर्गिक प्रमाणाच्या कैक पट आहे, आणि रोख पेट्रोलकडे वळवला. तेल उद्योगाकडून त्याला मिळणारी मदत बंद झाली. १९७१ मध्ये हवेतल्या शिशावर राष्ट्रीय पातळीवरची समिती नेमली, त्यात या विषयातला हा माणूस नव्हता. हागेन-स्मिट आणि पॅटरसन एकाच आवारात काम करत होते. भाच्यासोबत मी त्या आवारात फिरून आलो. ऑलिव्हची झाडं आहेत आणि फार शांतता आहे.

तर हूड्रीच्या डब्याची अडचण अशी की शिसेयुक्त पेट्रोलचा धूर त्यातून गेला की प्लॅटिनमवर शिशाचा थर बसतो. तव्यावर राखेचा थर बसला तर भाकरीला धग लागेल का? तसंच. धुराचा आणि धातूचा स्पर्शच होत नाही. डबा मरतो.

आणि मग १९७० उजाडलं. आदल्या वर्षी सरकारने मोटार कंपन्यांवर खटला भरला होता, की धूर कमी करणारी यंत्रं लवकर येऊ नयेत म्हणून त्यांनी आपसांत संगनमत केलं. तो तडजोडीने मिटला. एप्रिलमध्ये पहिला वसुंधरा दिन झाला, लाखो लोक रस्त्यावर आले. सिनेटर एडमंड मस्की यांनी जो हवाशुद्धीचा कायदा पुढे रेटला, त्यावर ३१ डिसेंबरला अध्यक्ष निक्सन यांनी सही केली. कायद्यात आकडे होते. १९७५ च्या गाड्यांनी कार्बन मोनॉक्साइड आणि पेट्रोलची वाफ नव्वद टक्क्यांनी कमी करायची, पुढच्या वर्षी नायट्रोजनची ऑक्साइडंही. जमेल का, परवडेल का, हे कायद्याने विचारलंच नाही. कंपन्या म्हणाल्या, अशक्य. होंडाने वेगळ्या धर्तीचं इंजिन करून डब्याशिवायच ती परीक्षा उत्तीर्ण होऊन दाखवली, तेव्हा 'अशक्य' या शब्दाची जरा पंचाईत झाली. तरी १९७३ मध्ये कंपन्यांना मुदत वाढवून मिळालीच. मात्र मधल्या काळासाठी जे प्रमाण ठरलं, त्यासाठीही बहुतेक गाड्यांना डबा लागणारच होता.

इथं इतिहासाने एक विचित्र वळण घेतलं. पेट्रोलातलं शिसं काढा, असं १९७० च्या सुरुवातीला जाहीरपणे म्हणणाऱ्यांत जनरल मोटर्सचे अध्यक्ष एड कोल होते. ज्या कंपनीने पन्नास वर्षांपूर्वी शिसं घातलं, तीच. अब्बांसारख्यांची काळजी म्हणून नव्हे. डब्याला शिसं सोसत नव्हतं म्हणून. सरकारनेही जानेवारी १९७३ मध्ये प्रत्येक मोठ्या पंपावर बिनशिशाचं पेट्रोल ठेवायचा हुकूम काढला, तो डबा वाचवण्यासाठी. माणसांच्या आरोग्यासाठी शिसं टप्प्याटप्प्याने कमी करायचा नियम त्याच वर्षाच्या अखेरीस आला आणि तो कोर्टकचेऱ्यांत १९७६ पर्यंत अडकला. माणसाच्या रक्ताआधी पत्र्याच्या डब्याची सोय झाली. याबद्दल मला राग यावा की हसू, हे मी अजून ठरवलेलं नाही. कारण परिणाम असा झाला की १९७६ ते १९८० या चारच वर्षांत अमेरिकनांच्या रक्तातलं शिशाचं सरासरी प्रमाण ३७ टक्क्यांनी खाली आलं. हेतू काहीही असो, पोरांच्या अंगातलं विष उतरलं.

१९७५ च्या बहुतेक अमेरिकी मोटारी डबा घेऊनच बाजारात आल्या. त्यांच्या टाकीचं तोंड मुद्दाम अरुंद ठेवलं होतं, म्हणजे शिशाच्या पंपाची जाड नळी आत जाऊ नये. माणूस माणूसच. शिसेयुक्त पेट्रोल काही सेंटांनी स्वस्त होतं, तेव्हा कुणी नरसाळं वापरलं, कुणी ते अरुंद तोंड ठोकून मोठं केलं, कुणी डबाच कापून तिथं साधा पाइप जोडला. माझ्या पैशाने विकत घेतलेल्या गाडीत परक्याच्या फुफ्फुसासाठी डबा का, हाच तो भाच्याचा प्रश्न.

डबा स्वतःही हळूहळू शहाणा होत गेला. कॉर्निंग कंपनीच्या तिघा संशोधकांनी मधमाशीच्या पोळ्यासारखी बारीक भोकांची चिनीमाती त्याच्या आत बसवली. भोकांच्या भिंतींवर प्लॅटिनम आणि पॅलेडियमचा अगदी पातळ मुलामा. काही ग्रॅमच धातू, पण धुराला स्पर्श करायला प्रचंड पृष्ठभाग. मग एंगलहार्ड कंपनीतले जॉन मूनी आणि कार्ल कीथ यांनी त्यात ऱ्होडियम घालून तिन्ही विषं एकाच डब्यात निवतील अशी युक्ती काढली. तिला अट एकच, इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचं प्रमाण अचूक राहिलं पाहिजे. त्यासाठी धुरातला ऑक्सिजन चाखून इंजिनाला सांगणारा सेन्सर आला. १९७६ च्या अखेरीस कॅलिफोर्नियात विकल्या गेलेल्या व्होल्व्हो गाड्यांत ही जोडी पहिल्यांदा दिसली.

आता ट्रककडे येतो. कायद्याने मोटारींना धरलं, पण पिकअपकडे तो बराच काळ प्रेमाने पाहत होता. ट्रक म्हणजे कष्टकऱ्याचं, शेतकऱ्याचं वाहन, ही भावना त्यामागे होती. मालासकट ६,००० पौंडांपेक्षा जास्त वजनाला मान्यता असलेल्या ट्रकला डबा नको, अशी सवलत होती. मग काय झालं असेल? ट्रकच थोडे वजनदार झाले. फोर्डने १९७५ मध्ये एफ-१०० आणि एफ-२५० यांच्या मधे एफ-१५० काढला, त्याच्या वजनाचा आकडा या रेषेच्या जरा वर ठेवून. म्हणजे डबा नको, बिनशिशाचं पेट्रोल नको. अमेरिकेत आजही सर्वांत जास्त खपणाऱ्या पिकअपच्या घराण्यातलं हे पोर, पळवाटेत जन्मलेलं. १९७८ मध्ये डॉजने लाल रंगाचा, ट्रकच्या केबिनमागे दोन उभी धुराडी असलेला एक पिकअप काढला. त्यालाही डबा नव्हता, आणि वेगाच्या एका चाचणीत त्याने त्या वर्षीच्या अमेरिकी स्पोर्ट्स गाड्यांना मागे टाकलं. १९७९ पासून रेषा ८,५०० पौंडांवर नेली आणि पळवाट बुजली. भाच्याच्या अंगणात उभ्या असलेल्या ट्रकच्या पोटाखाली डबा आला तो असा, उशिराने आणि नाइलाजाने.

पण कायद्याने गाडी कारखान्यातून स्वच्छ निघेल एवढंच होतं. पुढची वीस वर्षं ती स्वच्छ राहील का, हे कोण पाहणार? त्यासाठी परीक्षा. न्यू जर्सीने १९७४ मध्ये धुराची तपासणी सक्तीची केली; अमेरिकेत ती पहिली. १९७७ च्या दुरुस्तीने ज्या भागांची हवा फार वाईट आहे त्यांना अशी तपासणी करणं भाग पाडलं. ज्या कॅलिफोर्नियात धुरक्याचा शोध लागला, तिथं स्मॉग चेक सुरू व्हायला मात्र १९८४ उजाडलं. १९९४-९५ मध्ये केंद्राने काही मोजक्या मोठ्या केंद्रांवर कडक परीक्षा घ्यायचा आग्रह धरला, तेव्हा लोक इतके भडकले की मेनमध्ये ती दोन महिन्यांत गुंडाळली, टेक्सास आणि पेनसिल्व्हेनियानेही माघार घेतली आणि कंत्राटदारांना कोट्यवधी डॉलर मोजले. आजही कित्येक राज्यांत ही परीक्षा नाहीच.

१९९६ पासून प्रत्येक नव्या मोटारीत आणि हलक्या ट्रकमध्ये स्वतःवर पाळत ठेवणारा संगणक बसवणं बंधनकारक झालं. त्याच वर्षाच्या १ जानेवारीपासून रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिसेयुक्त पेट्रोल तिथं कायमचं बंद झालं. हा संगणक डब्याची परीक्षा कशी घेतो ते मला फार आवडलं. डब्याच्या आधी एक सेन्सर, डब्यानंतर एक. आधीच्याचं म्हणणं सारखं वरखाली होतं, नंतरच्याचं शांत असायला हवं. दोघं एकाच सुरात बोलायला लागले की समजायचं, मधला डबा नुसता बसून आहे.

डबा मरतो, पण सहसा आपल्या मरणाने नाही. दुरुस्तीवाल्याने भाच्याला पहिला प्रश्न हाच केला, "हा मेला कशाने?" इंजिन तेल जाळत असेल, एखाद्या सिलिंडरला ठिणगी मिळत नसेल, तर कच्चं पेट्रोल डब्यात जाऊन पेटतं आणि आतलं पोळं वितळतं. ते दुरुस्त न करता नवा डबा बसवला तर वर्षात तोही जातो. भाच्याच्या ट्रकचा एक इग्निशन कॉइल अधूनमधून दगा देत होता. आधी तो बदलला. मग डब्याची निवड. कॅलिफोर्नियात कुठलाही डबा चालत नाही. राज्याने त्या विशिष्ट गाडीसाठी मान्य केलेला हवा, आणि त्याचा क्रमांक पत्र्यावर कोरलेला हवा. परीक्षक खाली वाकून तो वाचतो. शेजारच्या राज्यात मिळणारा स्वस्त डबा म्हणूनच चालला नाही.

या डब्याला आता चोरही लागले आहेत. आतल्या ऱ्होडियमचा भाव २०२१ मध्ये औंसाला २९,००० डॉलरच्या आसपास गेला होता. अमेरिकेत विम्यासाठी नोंदल्या गेलेल्या डबाचोऱ्या २०१८ मध्ये १,२९८ होत्या, २०२० मध्ये १४,४३३. पिकअप जमिनीपासून उंच, म्हणून चोराला खाली शिरायला सोपा. हूड्रीने हवा धुवायला घातलेला धातू काही मिनिटांत करवतीने कापून नेतात.

आपल्याकडे हा डबा १ एप्रिल १९९५ ला आला. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांत नव्या पेट्रोल मोटारींना तो सक्तीचा झाला आणि तिथल्या पंपांवर बिनशिशाचं पेट्रोल आलं. शहर सोडून बाहेर पडलं की तसं पेट्रोल मिळेलच याचा भरवसा नसे. देशभर शिसं बंद झालं १ फेब्रुवारी २००० ला. अब्बांनी गॅरेज १९९१ मध्येच बंद केलं होतं. त्यांनी बिनशिशाचं पेट्रोल हातावर कधी घेतलंच नाही. जगातला शेवटचा देश, अल्जीरिया, या पेट्रोलातून २०२१ मध्ये सुटला. आपली परीक्षा म्हणजे पीयूसी. धुराड्यात नळी घालून मोजतात, डिझेलवाल्याचा धूर किती काळा ते पाहतात. खाली वाकून डब्यावरचा क्रमांक कुणी वाचत नाही. एका रस्त्यावर तर माझ्या स्कूटरचं इंजिन बंदच असताना मला प्रमाणपत्र मिळालं होतं. मी ते घेतलं, खिशात घातलं आणि निघालो. त्या दिवशी घाई होती.

भाच्याचा जुना डबा काढला तेव्हा मी तो हातात घेऊन पाहिला. जड होता. एका तोंडातून बॅटरीचा उजेड टाकला, तर पोळ्याचा अर्धा भाग वितळून काचेसारखा गोळा झालेला. दुकानदाराने तो परत घेतला, चिठ्ठी लावून फळीवर ठेवला. काढलेला डबा पंधरा दिवस जपून ठेवायचा नियम आहे, म्हणाला. नवा बसल्यावरही लगेच परीक्षा देता येत नव्हती. संगणकाची पाटी कोरी केलेली, त्याला पुन्हा आपल्या तपासण्या पुऱ्या करायला गाडी चालवावी लागते. कधी हमरस्त्यावर एकसारख्या वेगाने, कधी गावातून थांबत थांबत. दोन दिवस आम्ही मामा-भाचे नुसते फिरलो. उत्तरेला सॅन गॅब्रिएलचे डोंगर होते. पूर्वी पॅसाडिनाच्या लोकांना ते आठवडे आठवडे दिसायचे नाहीत, असं मी वाचलं होतं. लॉस एंजेलिसची हवा आजही ओझोनच्या बाबतीत त्या देशातल्या सर्वांत वाईट हवांपैकी आहे. पण त्या दोन दिवसांत मला डोंगरावरच्या घळी मोजता येत होत्या.

तिसऱ्या दिवशी ट्रक पास झाला. निकाल संगणकाने परस्पर नोंदणी कार्यालयाला गेला, भाच्याच्या हातात एक कागद आला. त्याने तो डॅशबोर्डवर टाकला, गाडी सुरू केली, आणि मैलभर गेल्यावर म्हणाला, "मामू, आधी चालत होती तशीच चालतेय."

"हो," मी म्हणालो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)